मानेतली माझी बहीण

मित्रांनो, मी एक चुंबळ आहे, आणि आता चांगलीच जुनी झाले आहे. तुमच्यापैकी जे नळाच्या पाण्यावर वाढले त्यांनी मला पाहिलंही नसेल. डोक्यावर घागर किंवा घमेलं ठेवायच्या आधी बाया कापडाचं एक गोल कडं ठेवतात ना, तेच मी. माझ्या पोटात धानाचं तणस, म्हणजे भाताचा पेंढा आहे. त्या तणसावर राधाबाई नावाच्या एका आईनं आपल्या विटलेल्या लुगड्याच्या पट्ट्या काढून घट्ट गुंडाळल्या आणि वरून पोत्याच्या सुतळीनं टाके घातले. साकोलीकडच्या एका खेड्यात, उन्हात बसून, एका दुपारी तिनं मला घडवलं. लेक सासरी जायची होती. भांडी दिली, गोधडी दिली, आणि सगळ्यांत शेवटी मला दिलं.

लेकीचं नाव पंचफुला. मला डोक्यावर ठेवून ती पहिल्यांदा विहिरीवर गेली तेव्हा तिनं एक ओवी म्हटली होती. ती तिचीच होती, कुणाकडून ऐकलेली नव्हती.

मायच्या लुगड्याची, चुंबळ बाई गोल
ओझ्याखाली लेकीच्या, डोईले मायची ओल

काय तिचा गळा होता! आणि काय तिची मान! तीन घागरींची उतरंड घेऊन ती बांधावरून चालायची आणि वरच्या तांब्यातलं पाणी हिंदकळायचंही नाही. ओझं माझ्यातून उतरायचं, माझ्यातून तिच्या कवटीत, कवटीतून मानेत, आणि मग एखाद्या सरळ खांबातून जावं तसं थेट टाचांपर्यंत. मला तिच्या मानेतली हाडं कळायची. त्यांतलं सगळ्यांत वरचं हाड तर मला फार जवळचं वाटे. तेही माझ्यासारखंच खालून कुणाचं तरी ओझं पेलत बसलेलं. मी मनातल्या मनात त्याला बहीण म्हणत असे. का, ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

मग भिलाईचं काम निघालं. पोलादाचा कारखाना होणार, हजारो माणसं लागणार, अशी खबर आमच्या गावापर्यंत आली. पंचफुलाचा नवरा हिरालाल आणि त्याचा थोरला भाऊ मारोतराव, दोघे आधी गेले. सत्तावन्न साली पंचफुलाही गेली. दुर्गच्या स्टेशनावर उतरून ती बैलगाडीच्या वाटेनं चालली तेव्हा तिच्या डोक्यावर भांड्यांचं गाठोडं होतं आणि गाठोड्याखाली मी होते. समोर नुसता उजाड लाल मुरूम, त्यात खणलेले खड्डे, आणि खड्ड्यांत मुंग्यांसारखी माणसं.

हिरालाल रेल्वेच्या नव्या रुळांच्या कामावर होता. तो आठ-आठ दिवस तिकडेच राहायचा. मारोतराव मात्र भट्टीच्या पायाच्या कामावर मेट झाला होता. मेट म्हणजे टोळीवरचा माणूस, हाजरी घेणारा आणि काम करवून घेणारा. त्यानं पंचफुलाला आपल्याच टोळीत रेजा म्हणून लावून घेतलं. डोक्यावरून माल वाहणाऱ्या बाईला तिकडे रेजा म्हणतात.

बाकीच्या बायांना तिचा हेवा वाटला. टोळीतली सगळ्यांत जुनी रेजा मैनाबाई तर पहिल्याच दिवशी म्हणाली, "नशिबाची आहेस वं पोरी. घरचाच माणूस मेट. तुले कोण बोलते? आमाले पाह्य, लघवीले गेलं तरी घड्याळ पाह्यते मेला."

पंचफुला हसली. मलाही बरं वाटलं. आपल्या माणसाच्या नजरेसमोर काम, याहून चांगलं काय, असंच सगळ्यांना वाटलं. मित्रांनो, तीच चूक होती. चूक कुणी मुद्दाम केली नाही. सगळ्यांनी मायेनंच केली.

सांगते कशी ती.

आमच्याकडे नवऱ्याच्या थोरल्या भावाला भासरा म्हणतात. भासऱ्यासमोर धाकट्या भावाच्या बायकोनं तोंड दाखवायचं नाही. डोक्यावरून पदर, पदराची कड दातांत, आणि मान दुसरीकडे वळवलेली. त्याच्याशी बोलायचं नाही, त्यानंही तिच्याशी बोलायचं नाही. काही सांगायचंच झालं तर तिसऱ्या माणसाला सांगायचं, किंवा भिंतीला. तो घरात शिरताना बाहेरूनच खाकरतो, म्हणजे सून सावध होते. गावात हे सगळं सोपं होतं. भासरा दिवसातून दोनदा अंगणातून जायचा. दोन घटका पदर धरला आणि सोडला.

इथे भासरा आठ तास समोर उभा होता.

पायाच्या खड्ड्यावर लाकडी फळ्यांचा लांब चढ बांधला होता. खाली गिट्टी, म्हणजे खडी, आणि सिमेंटचा माल कालवायचं यंत्र घरघरायचं, बाया घमेली भरून घ्यायच्या, चढ चढून वर ओतायच्या. मारोतराव चढाच्या डाव्या अंगाला, मधोमध, एका दगडावर उभा असायचा. तिथून त्याला खालचंही दिसे, वरचंही. पंचफुला भरलं घमेलं घेऊन निघाली की पदराची कड डाव्या दाढांत धरायची आणि मान उजवीकडे वळवायची. हात दोन्ही घमेल्याला. पदर धरायला दात सोडून दुसरं काय होतं तिच्याजवळ?

ओझं सरळ उतरायचं थांबलं. वळलेल्या मानेवर ते तिरकं पडायचं. मानेच्या अगदी वरच्या सांध्यात ते अडकायचं, करकरायचं. आणि खाली दाढा एकमेकींवर आवळलेल्या, पदर चावत. अशा दिवसाला शंभर-सव्वाशे खेपा. माझी ती बहीण रडत होती. मला स्पष्ट कळत होतं. पण चुंबळीला तोंड कुठे असतं?

तीन महिने काही झालं नाही. मग एका सकाळी पंचफुलानं भाकरीचा तुकडा तोंडात घातला आणि तसाच धरून बसली.

"कावून वं? तोंडात गूळ धरला का?" मैनाबाईनं विचारलं.

"दाढ ठणकून राहिली, मावशी."

"लवंग धर."

"धरली."

"मिश्री लाव."

"लावली."

"मग टाक उपटून. एवढी मोठी भट्टी बांधून राहिली तू, अन् एक दाढ सांभाळता येत नाही?"

बाया खो खो हसल्या. पंचफुलाही हसायला गेली आणि गाल धरून खाली बसली.

पुढे दुखणं वाढत गेलं. मानेच्या मागून निघायचं, डाव्या कानामागून वर चढायचं आणि डाव्या डोळ्याच्या मागे जाऊन खिळा ठोकल्यासारखं बसायचं. कधी कानात, कधी जबड्यात. जेवायच्या सुट्टीत ती मला उशाशी घेऊन मुरमावर आडवी व्हायची. मी तिच्या मानेच्या खाचेत बरोबर बसायचे. तेवढा वेळ तिचा श्वास मोकळा व्हायचा. तिला वाटायचं, झोपल्यानं बरं वाटतं. मी ओरडून सांगत होते, अगं इथे, इथेच आहे ते, मी आत्ता ज्याला टेकले आहे ना, तिथे! माझं ओरडणं माझ्याच तणसात जिरून जायचं.

मैनाबाईनं तिच्या कपाळाला कापड करकचून बांधलं. तेल चोळलं. मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. दवाखान्याच्या कंपाउंडरनं पांढऱ्या गोळ्या दिल्या. सगळ्यांनी जिथे दुखतं तिथेच पाहिलं. आणि तिथे काही नव्हतं.

शेवटी हिरालाल सुट्टीवर आला आणि तिला रविवारी दुर्गच्या बाजारात घेऊन गेला. तिथे झाडाखाली एक दातवाला बसायचा. समोर काचेची बरणी, बरणीत उपटलेले दात. विकायला नेलेल्या चिंचांची टोपली पंचफुलाच्या डोक्यावर होती, म्हणून मीही होते.

"कौन-सा दाँत?" त्यानं विचारलं.

पंचफुलानं खालची दाढ दाखवली. मग बोट थोडं पुढे नेलं. मग वरची दाखवली.

"अरे, एक तो बताओ!"

"कधी ही दुखते, कधी ती दुखते," ती हिरालालला म्हणाली. "हात लावला की दुखत नाही. बिनहाताचीच दुखते."

मित्रांनो, दुखणं स्वतःच सांगत होतं की मी दाढेत राहत नाही. पण ऐकणार कोण? दातवाल्यानं खालची दाढ पकडली. पंचफुलानं मला दोन्ही मुठींत आवळलं, इतकं की माझा एक टाका तुटला. दाढ निघाली. नव्या तांदळासारखी पांढरीशुभ्र. ना कीड, ना डाग. दातवाल्यानं ती पटकन बरणीत टाकली आणि म्हणाला, "जड़ में कीड़ा था."

चार दिवस भोकाच्या दुखण्यात जुनं दुखणं झाकलं गेलं. पाचव्या दिवशी ते परत आलं, होतं तिथेच. जी दाढ नाही, तिच्या जागी ठणकू लागलं. आता तोंडही उघडेना. एक बोट जेमतेम आत जाई. भाकरी पाण्यात कालवून ती पीत असे. ओवी तर बंदच झाली. चढावर बाया गाऱ्याची, म्हणजे कालवलेल्या मालाची ओवी गात चालायच्या,

लोखंडाच्या भट्टीचा, पाया खोल खोल नेला
आमच्या घामाचा बाई, त्यात गारा ओतला

आणि पंचफुला नुसती नाकातून हुंकार द्यायची. गाताना बायांना वाटायचं, ही मिजासखोर झाली. मेटाची भावजय ना! "तिचं तोंड सोन्याचं आहे बाई, उघडलं तं झिजन," असं एकजण बोललीही. ते ऐकून पंचफुलानं पदर आणखी घट्ट चावला.

पुढच्या सुट्टीवर आलेला हिरालाल जाताना सांगून गेला होता, "येत्या रविवारी येतो. वरची दाढ बी काढून टाकू. सगळ्या गेल्या तरी चालते, पण तुह्यं हे कण्हणं नाही पाहवत."

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. त्याला दोष कसा देऊ? मी दिवस मोजत राहिले. मंगळवार, बुधवार, गुरुवार. रविवारी आणखी एक चांगली दाढ जाणार, मग त्याच्या पुढच्या रविवारी आणखी एक. बावीस वर्षांच्या मुलीचं तोंड म्हातारीचं होणार. आणि ज्या सांध्यातून सगळं येत होतं, तो रोज माझ्याच खाली भरडला जाणार. ओझं तिला मी पोचवत होते, मित्रांनो. मऊ करून, गोल करून, पण पोचवत मीच होते.

शुक्रवारी ढलाई होती. ढलाई म्हणजे एकदा सुरू केली की संपेपर्यंत थांबवायची नाही, थांबली तर पायाला जोड पडतो. बाया धावत होत्या. दुपारी पंचफुला अर्ध्या चढावर पोचली आणि तिला घेरी आली. फळी तिच्या पायाखालून निसटल्यासारखी झाली. घमेलं एकीकडे, मी एकीकडे, ती गुडघ्यांवर. मैनाबाईनं धावत जाऊन तिला धरलं नसतं तर ती सळ्यांवर पडली असती.

मारोतराव दगडावरून खाली उतरला. तीन पावलं आला आणि थांबला. पुढे येऊन हात देणं रीतीत बसत नव्हतं.

"मैनाबाई," तो म्हणाला, "तिले दवाखान्यात न्या लागते."

"मी कशी जाऊ, मेटबाबा? ढलाई कोण करीन? तुमीच न्या."

"मी?"

"मग काय गिट्टीले सांगू? न्या गपगुमान. लोकं गेले चुलीत."

मारोतरावनं हाजरीची वही दुसऱ्याच्या हातात दिली आणि पुढे चालू लागला. मागे पंधरा हात सोडून पंचफुला. तो एकदाही मागे वळला नाही, म्हणजे तिला तोंड फिरवायला लागू नये. ती मला छातीशी धरून चालत होती. एवढ्या वाटेवर फक्त तिच्या चपलांचा आवाज होता, आणि तो थांबला तर समोरचा माणूसही थांबायचा.

दवाखान्यात त्या दिवशी नागपूरकडची एक डॉक्टरीणबाई होती. मारोतराव बाहेरच्या बाकावर बसला. आत बाईनं पंचफुलाचं तोंड पाहिलं, एकेक दाढ छोट्या हातोडीनं वाजवली.

"दाढा तर सगळ्या धडधाकट आहेत तुझ्या. ही का काढली?"

"दुखत होती."

"काढल्यावर थांबलं?"

"नाही जी."

बाई खुर्चीत मागे टेकली. "काम काय करतेस?"

"रेजा आहो. माल वाह्यतो."

"डोक्यावरून? कसा ते दाखव बरं."

माझं काळीज, म्हणजे माझं तणस, धडधडू लागलं. आता! आता कळणार! कोपऱ्यात धुतलेल्या पट्ट्यांचं टोपलं होतं. पंचफुलानं मला डोक्यावर ठेवलं, टोपलं उचललं, आणि दोन पावलं चालली. मान सरळ. हनुवटी सरळ. गावातल्या विहिरीवरून निघावी तशी.

"अशीच नेतेस?"

"हो जी. अशीच."

ती खोटं बोलत नव्हती. तिला खरंच तसं वाटत होतं. भासऱ्यासमोर मान वळते, हे तिला कधी दिसलंच नव्हतं, जसा आपला श्वास आपल्याला दिसत नाही. बाईनं मान हलवली आणि चिठ्ठीवर पुन्हा गोळ्या लिहायला घेतल्या. मी डोक्यावर बसून आक्रोश करत होते. असं नाही हो बाई! असं नाही! मी सरकून खाली पडायचाही प्रयत्न केला. पण चुंबळ आपणहून पडत नाही. तिला चांगलं घडवलेलं असतं.

तेवढ्यात दाराबाहेर कुणीतरी खाकरलं.

"बाई," मारोतरावचा आवाज आला, "किती वेळ लागीन? ढलाई सुरू आहे जी."

त्या खाकरण्यासरशी पंचफुलाचा पदर दातांत गेला. डाव्या दाढांत. मान उजवीकडे वळली, खांदा वर आला, जबडा आवळला. टोपलं डोक्यावर तसंच.

डॉक्टरीणबाईचा टाक थांबला.

"हलू नकोस," ती म्हणाली. "अशीच राहा. अगदी अशीच."

ती उठून मागे आली. माझ्या बरोबर खाली, कवटी संपते तिथे, मानेच्या डाव्या अंगाला तिनं अंगठा ठेवला आणि दाबला.

पंचफुला किंचाळली. "हेच! हेच आहे बाई! डोळ्यात गेलं! दाढेत गेलं!"

"कोणत्या दाढेत?"

"जे काढली, तिच्यात!"

बाईनं टोपलं उतरवलं, मला उचलून टेबलावर ठेवलं आणि मारोतरावला आत बोलावलं. तो दारातच उभा राहिला, नजर जमिनीवर. पंचफुला भिंतीकडे तोंड करून बसली.

"ऐका दोघंही," बाई म्हणाली. तिनं मला हातात घेतलं. "आपल्या कवटीखाली हाडाची अशीच एक चुंबळ असते. गोल कडं. त्याच्यावर डोकं टेकलेलं असतं. तिच्या खालच्या हाडाला खुंटी असते, जात्याच्या खालच्या तळीला असते तशी. त्या खुंटीभोवती मान फिरते. आता जात्यावर मणाचं ओझं ठेवलं, अन् ते वाकडं धरून दिवसभर फिरवलं, तर काय होईल? तिथले सांधे सुजलेत हिचे. अन् त्या सांध्यांकडून येणारी नस आणि चेहऱ्या-जबड्याकडून येणारी नस, दोन्ही वर जाऊन एकाच जागी मिळतात. धानाच्या दोन बांध्यांचं पाणी एका पाटात आलं, तर खाली उभ्या माणसाला कसं कळावं कोणतं पाणी कोणत्या बांधीचं? दुखतं मानेत, हिला वाटतं दाढेत. त्यात पदर धरून जबडा आवळलेला. तोही दुखणारच."

तर असं होतं. ती खरंच माझी बहीण होती, हाडाची. मित्रांनो, आनंद व्हावा की रडावं, मला कळेना. दाढ बरणीत गेल्यावर कळलं.

"तुम्ही कोण हिचे?" बाईनं मारोतरावला विचारलं.

"भासरा."

"हिच्यासमोर किती वेळ असता?"

"मेट आहो जी. दिवसभर."

"मग तुम्हाला दिसलं नाही कधी? गाल सुजलेला, तोंड मिटलेलं?"

मारोतरावनं टोपी काढून हातात धरली. मग म्हणाला, "तिचं तोंड मी पाह्यलंच नाही, बाई. सात वर्सं झाली घरात येऊन."

बाईनं चिठ्ठी लिहिली. डोक्यावर ओझं बंद. गरम मिठाचा शेक. हनुवटी हळूच मागे घ्यायचा व्यायाम, रोज. पदर दातांत धरायचा नाही. आणि दाढ काढायची नाही, अजिबात नाही. रविवार टळला.

बाहेर आल्यावर मारोतराव कडुनिंबाखाली उभा राहिला. त्याला काहीतरी बोलायचं होतं. मैनाबाई नव्हती, भिंतही नव्हती. पंचफुला पाच हातांवर, पाठमोरी. त्यानं इकडे तिकडे पाहिलं आणि त्याची नजर तिच्या काखेतल्या माझ्यावर आली.

"चुंबळ," तो मला म्हणाला, "सांग तिले. उद्यापासून पदर नाही धरला तरी चालते. मी काही म्हणणार नाही. बापाच्या जागी आहो मी."

उभ्या आयुष्यात माझ्याशी कुणी बोललं नव्हतं. बोललं तेव्हा निरोप एवढा जड, आणि मी मुकी. पण पंचफुलानं ऐकलं होतं. तिनं मला दोन्ही हातांत धरलं, आणि ती मलाच म्हणाली, "म्हणा त्यायले, माझ्या मानेले सांगा. ते माझं नाही ऐकत."

आणि खरंच मान ऐकेना. मारोतरावनं ठेकेदाराशी भांडून तिला तराईचं काम लावून दिलं. ओतलेल्या पायावर पाइपनं पाणी मारायचं, ओझं नाही. पण तो समोर दिसला की तिची मान वळायची, दात आवळायचे. तो खाकरायचा थांबला. टोपी डोळ्यांवर ओढून उभा राहू लागला. तरी तिची मान त्याला ओळखायची. सात वर्षांची सवय एका चिठ्ठीनं कशी जाणार? आठ दिवस त्यानं पाहिलं. नवव्या दिवशी तो दगडावर नव्हता. त्यानं आपली मेटगिरी दुसऱ्याला देऊन गिट्टी फोडायच्या यंत्राकडची बदली मागून घेतली होती. तिकडे इतकी धूळ उडायची की संध्याकाळी माणूस पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा दिसे. का गेला, ते त्यानं कुणाला सांगितलं नाही. लोक म्हणाले, मेटाचं काही तरी चुकलं असेल.

पंचफुला शेक घेत राहिली. महिन्यानं दोन बोटं तोंडात जाऊ लागली. पुढे भाकरी चावता येऊ लागली, उजवीकडून. पण डोकं पुरतं कधीच सोडलं नाही त्या दुखण्यानं. आभाळ भरून आलं की डाव्या डोळ्यामागे खिळा परत येतोच, अजूनही. उशीर झाला होता.

आणि मी? बिनओझ्याची चुंबळ काय कामाची! झोपडीच्या कुडाला खिळ्यावर मी लटकत राहिले. उंदरांनी एका बाजूनं माझं तणस ओढलं. मी कुणाला दोष दिला नाही. उलट बरंच वाटत होतं, की आता माझ्यातून कुणाला काही पोचत नाही.

पुढच्या हिवाळ्यात तुमसरकडची शालू नावाची नवी रेजा आली, नुकती लग्न झालेली. तिच्याजवळ चुंबळ नव्हती. ती नुसता टॉवेल गुंडाळायची आणि तो सरकायचा. पंचफुलानं मला खिळ्यावरून काढलं, झटकलं, तुटलेला टाका घातला आणि शालूला दिलं. "मायच्या हातची आहे," म्हणाली, "जपून ठेव."

शालूचा सासरा पंजाबराव माल कालवायच्या यंत्रावर होता. घमेलं भरून दिलं की तो दोन हातांच्या अंतरावर उभा, आणि सासऱ्यासमोरही रीत तीच. शालूनं मला डोक्यावर ठेवलं, घमेलं चढवलं, आणि चढाकडे वळली. तिनं पदराची कड दातांत धरली. मान वळली. आणि माझ्या खाली, त्या कोवळ्या मानेत, ओळखीचं करकरणं सुरू झालं.

पुन्हा तेच. पुन्हा मीच पोचवणार. मी डोळे मिटावेत तशी आतल्या आत मिटून गेले.

"शालू!"

एवढा मोठा आवाज त्या खड्ड्यात कुणा रेजेनं कधी काढला नव्हता. ओतलेल्या पायावर पाइप घेऊन उभी असलेली पंचफुला ओरडत होती. शंभर पुरुष, मेट, ठेकेदाराची माणसं, सगळ्यांसमोर. "शालू, पदर सोड तोंडातला! मान सरळ कर!"

बाया थांबल्या. यंत्रावरून पंजाबराव कडाडला, "कोणाची सून आहे वं हे? मोठ्यायसमोर बोंबलून राहिली! लाजबीज आहे का नाही?"

"हिरालालची बायको आहो," पंचफुला म्हणाली. तिनं पाइप खाली टाकला होता आणि पाणी मुरमावर वाहत चाललं होतं. "हे पाहा इकडे, बाबाजी. माझ्या तोंडात पाहा." तिनं भर दुपारी, सगळ्या कामापुढे, तोंड उघडलं. पूर्ण उघडलं. आणि बोटानं दाढेचं भोक दाखवलं. "हे लाजेनंच गेली. तुमच्या सुनेची राहू द्या."

कुणी हसलं नाही. पंजाबराव यंत्राकडे वळला आणि शालूकडे पाठ करून उभा राहिला. त्यानंतर घमेली भरताना तो पाठमोराच राहू लागला.

शालूच्या दातांतून पदर सुटला. कड ओली झाली होती, चावलेली. तिची मान हळूहळू सरळ झाली आणि ओझं माझ्यातून खाली उतरलं. माझ्या बहिणीतून, पाठीतून, टाचांपर्यंत. कुठेही न अडता.

मित्रांनो, आता भट्ट्या पेटल्या आहेत, कारखाना उभा राहिला आहे, आणि माझ्यासारख्या पुष्कळ जणी केरात गेल्या. मीही लवकरच जाईन. तेवढ्या अवकाशात तुमच्याजवळ एकच मागणं आहे. तुमच्या घरी कुणी आई, कुणी मावशी कपाळाला फडकं बांधून, गाल धरून बसलेली असेल. तिला कुठे दुखतं ते विचारालच. पण जवळ बसून हेही विचारा, की बाई, दिवसभर तू मान कुणासाठी वळवून धरली होतीस? ती लगेच सांगणार नाही. तिला ते ठाऊकच नसेल. तुम्ही पाहा.